राणी झाशीच्या नावाचा समुद्र

प्रस्तावना

झाशी शहरापासून समुद्र फार दूर आहे. येथील माणसाने पाहिलेले पाणी म्हणजे बेतवेचे, पहूजचे किंवा लक्ष्मी तलावाचे. तरीही झाशीच्या राणीचे नाव धारण करणारा समुद्राचा एक तुकडा भारतात आहे. बंगालच्या उपसागरातील अंदमान बेटांमध्ये ‘राणी झाशी सागरी राष्ट्रीय उद्यान’ या नावाचे सुमारे २५६ चौरस किलोमीटर क्षेत्र १९९६ साली राखून ठेवण्यात आले. त्यात बेटे आहेत, खारफुटीची वने आहेत आणि पाण्याखाली प्रवाळांच्या बागा आहेत.

झाशीतील एखाद्या गटाने या बेटांवर साहसी सहल काढायचे ठरवले, आणि तेथील निसर्गाला कमीत कमी इजा व्हावी अशी त्यांची इच्छा असली, तर त्यांनी घरी बसून कोणता विचार करावा, हे आपण प्रस्तुत पाठात पाहणार आहोत.

नावांमागचा इतिहास

झाशी आणि अंदमान यांचा संबंध १८५८ या एका वर्षाने जोडलेला आहे. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात सर ह्यू रोज याच्या सैन्याने झाशीला वेढा घातला. कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे त्या वेळी झाशीत होते. त्यांनी पाहिलेली वेढ्याची हकीगत ‘माझा प्रवास’ या पुस्तकात आली असून ते पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. नेवाळकर घराण्यामुळे झाशीत मराठी बोलणारी कुटुंबे वसली होती. त्यांपैकी काहींचे वंशज आजही तेथे आहेत.

त्याच मार्च महिन्यात, वेढा पडण्याच्या थोडे दिवस आधी, उठावातील दोनशे बंद्यांना घेऊन एक जहाज अंदमानला पोहोचले आणि काळ्या पाण्याच्या शिक्षेची वसाहत सुरू झाली. सेल्युलर जेल नंतरचे. त्याचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले.

इंग्रजांनी या भागातील ‘रिचीज आर्किपेलॅगो’ या द्वीपसमूहातील अनेक बेटांना उठाव मोडून काढणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांची नावे दिली : हॅवलॉक, नील, औट्रम, हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स. झाशीला वेढा घालणाऱ्या ह्यू रोजच्या नावाचेही एक चिमुकले बेट याच समूहात आहे. गंमत अशी, की राणी झाशी उद्यानात येणारी प्रमुख बेटे म्हणजे हेन्री लॉरेन्स, जॉन लॉरेन्स आणि औट्रम हीच होत. ज्यांनी उठाव चिरडला त्यांच्या नावांची बेटे आज राणीच्या नावाखाली सुरक्षित आहेत.

सुभाषचंद्र बोस यांनी डिसेंबर १९४३ मध्ये पोर्ट ब्लेअरला भेट दिली. त्या घटनेला ७५ वर्षे झाली तेव्हा, म्हणजे २०१८ साली, हॅवलॉकचे नाव ‘स्वराज द्वीप’ आणि नीलचे ‘शहीद द्वीप’ असे करण्यात आले. पोर्ट ब्लेअर शहराचे नाव २०२४ पासून ‘श्री विजयपुरम’ आहे. सहलीची कागदपत्रे पाहताना जुनी आणि नवी अशी दोन्ही नावे ठाऊक असावीत. कारण तिकिटांवर, नकाशांत आणि लोकांच्या बोलण्यात दोन्ही आढळतात.

केव्हा आणि कसे जावे

समजा, झाशीतील आठ जणांच्या गटाने आठ दिवस बेटांवर राहण्याचे ठरवले. पहिला प्रश्न ऋतूचा. मे महिन्यात नैर्ऋत्य मोसमी पाऊस तेथे पोहोचतो. त्यानंतर समुद्र खवळलेला असतो, पाणी गढूळ होते आणि बोटी वारंवार रद्द होतात. डिसेंबर ते एप्रिल हा काळ त्या मानाने शांत असतो. पण ‘शांत’ याचा अर्थ ‘निर्धोक’ असा नव्हे. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळे हजाराहून अधिक पर्यटक हॅवलॉक आणि नील बेटांवर अडकून पडले होते आणि नौदल व तटरक्षक दल यांना त्यांची सुटका करावी लागली. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या दिवसापर्यंत दूरच्या बेटावर रेंगाळू नये. एक-दोन दिवस हाताशी मोकळे ठेवावेत. हे मोकळे दिवस म्हणजे वाया गेलेले पैसे, असे अनेकांना वाटते; परंतु घाईत असलेला पर्यटकच नावाड्याला नको त्या हवेत बोट काढायला भाग पाडतो.

दुसरा प्रश्न वाहनाचा. झाशी हे दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील मोठे स्थानक आहे. तेथून भोपाळ, नागपूर, बल्लारशाह, विजयवाडा या मार्गाने एका गाडीत बसून चेन्नई गाठता येते. वेळ एका दिवसाहून थोडा अधिक लागतो. पण आधी दिल्लीला जाऊन विमान पकडण्यापेक्षा या मार्गाने इंधन पुष्कळच कमी जळते. चेन्नईहून पुढे तेराशे किलोमीटरहून अधिक समुद्र आहे. विमानाने दोन-सव्वादोन तास लागतात, तर जहाजाने साधारण अडीच ते तीन दिवस. कोलकाता आणि विशाखापट्टणम येथूनही जहाजे सुटतात. जहाज म्हणजे पर्यावरणाला हलके, असा एक समज आहे. तो सरसकट खरा मानता येत नाही, कारण प्रवासी जहाजही तेलच जाळते. मात्र तीन दिवस निळ्या पाण्याशिवाय काही न पाहणाऱ्या माणसाला आपण किती दूर चाललो आहोत, आणि बेटावरची प्रत्येक काडीपेटी एवढ्याच अंतरावरून येते, याची जाणीव होते. ती विमानात होत नाही.

श्री विजयपुरमहून स्वराज द्वीपाला जाण्यास सरकारी बोटीने दोन-अडीच तास लागतात. घड्याळाविषयी एक सूचना : ही बेटे भारताच्या पूर्व टोकाला असूनही तेथे भारतीय प्रमाणवेळच चालते. त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. जे करायचे ते पहाटेपासून दुपारपर्यंत उरकावे लागते.

पाऊस भरपूर, पाणी मोजके

बुंदेलखंडातील माणसाला पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. झाशीत वर्षाला सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी पाऊस पडतो, आणि तो चुकला की टँकरची वाट पाहावी लागते. अंदमानात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे तेथे पाण्याची चंगळ असली पाहिजे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उन्हाळ्यात श्री विजयपुरमला नळाचे पाणी मोजून सोडण्याची वेळ येते.

असे का होते? बेट लहान असते आणि जमीन उताराची असते. तेथे बेतवेसारखी लांबच लांब वाहणारी नदी नसते. डोंगरावर पडलेले पाणी काही तासांतच ओढ्यांतून समुद्राला मिळते. ते अडवायला जागा थोडी. राजधानीची भिस्त मुख्यतः धनीखारी धरणावर आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरींतून जास्त पाणी उपसले, तर गोड्या पाण्याच्या थराखाली असलेले खारे पाणी वर सरकते, आणि एकदा विहीर मचूळ झाली की ती लवकर सुधारत नाही. ऐन हंगामात, म्हणजे पाऊस थांबल्यावर, पर्यटकांची गर्दी होते. पाण्याचा साठा उतरत जाण्याचा काळही तोच. पोहण्याचा तलाव असलेल्या विश्रामगृहात उतरणारा पाहुणा आणि घराबाहेर हंडा घेऊन उभी असलेली स्त्री एकाच झऱ्याचे पाणी वापरत असतात.

तेव्हा राहण्याची जागा निवडताना खिडकीतून समुद्र दिसतो का, यापेक्षा छपरावरचे पावसाचे पाणी साठवले जाते का, सांडपाणी कोठे जाते, चादरी रोज धुतात का, हे प्रश्न आधी विचारावेत. दूरध्वनीवर विचारले तरी चालते. उत्तर टाळले गेले, तर तेही एक उत्तरच समजावे. स्थानिक कुटुंबाने चालवलेल्या लहान निवासात हे प्रश्न घरच्या माणसालाच विचारता येतात, आणि दिलेला पैसाही बेटावरच राहतो.

पाण्याबरोबर बाटलीचा प्रश्न येतो. आठ जणांनी आठ दिवस रोज प्रत्येकी तीन लिटर पाणी विकत घेऊन प्यायचे ठरवले, तर एक-एक लिटरच्या १९२ बाटल्या होतात. झाशीत रिकामी बाटली भंगारवाल्याकडे जाते. तेथून ती कोठेतरी वितळवली जाते. बेटावर भंगाराचा कारखाना नाही. बाटली गोळा केली, तरी तिला पुन्हा जहाजात घालून मुख्य भूमीवर आणावे लागते. न केली, तर ती जमिनीत पुरली जाते, जाळली जाते किंवा समुद्रात जाते. वंडूरजवळच्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात (स्थापना १९८३) जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिक नेण्यास मनाई आहे. पर्यटकाला अनामत रक्कम भरून पुन्हा वापरता येणारी बाटली घ्यावी लागते आणि परतल्यावर ती दाखवून पैसे परत मिळतात. जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटे तेथे वर्षभरात आलटून पालटून खुली केली जातात. एक उघडे असते तेव्हा दुसरे विश्रांती घेते. शेतात एक हंगाम पड ठेवणाऱ्या शेतकऱ्याला ही पद्धत लगेच समजेल.

गटाने स्टीलच्या बाटल्या, पाणी शुद्ध करण्याचे साधन, कापडी पिशव्या आणि खाऊचे डबे झाशीहूनच न्यावेत. बिस्किटांचे पुडे घरीच उघडून डब्यात भरले, तर आवरणे झाशीतच राहतात. विजेरीचे संपलेले सेल, औषधांची पाकिटे असा कचरा मात्र परत आणावा लागतो. त्यासाठी एक रिकामी पिशवी आधीपासूनच सामानात असावी.

पाठगत प्रश्न
१. अंदमानात भरपूर पाऊस पडूनही पाण्याची टंचाई का भासते?
२. तुमच्या घरातून एका आठवड्यात बाहेर जाणारे प्लॅस्टिक मोजा. बेटावर राहत असता, तर त्याचे काय केले असते?

पाण्याखालचे गाव

या सहलीचे मुख्य आकर्षण म्हणजे प्रवाळ. पुष्कळांना तो रंगीत दगड वाटतो. खरे तर प्रवाळ हा प्राणी आहे. नखाएवढे किंवा त्याहूनही लहान असे असंख्य जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचे घर बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करून प्रवाळाला देते, आणि प्रवाळ त्याला आसरा देतो. प्रवाळाचे बरेचसे रंग या भाडेकरूमुळेच असतात. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जास्त तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर हा करार मोडतो. शैवाल बाहेर टाकले जाते, प्रवाळ पांढराफटक पडतो आणि उपाशी राहतो. पाणी वेळेवर निवले तर तो सावरतो, नाहीतर मरतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी असे प्रकार घडले. त्यांपैकी २०१० सालचा फटका फार मोठा होता.

समुद्र तापणे आठ जणांच्या हातात नाही. पण आजारी माणसाच्या अंगावर पाय देऊ नये, एवढे तर हातात आहे. फांद्यांसारखा प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतो, तर गोलाकार दगडासारखा दिसणारा वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर. म्हणजे तोल जाऊन क्षणभर ज्यावर उभे राहिलो, ते झाशीच्या वेढ्याच्या काळापासून वाढत आलेले असू शकते. स्नॉर्केल लावून तरंगताना उभे राहण्याची इच्छा होते ती बहुधा भीतीपोटी. म्हणून पोहता न येणाऱ्याने लाइफ जॅकेट घालावे आणि प्रशिक्षकाचा हात धरावा. यात कमीपणा काहीच नाही. पायांतील पंख्यांनी वाळू उडवली, तरी ती प्रवाळावर बसून त्याचा श्वास कोंडते. अंगाला लावण्याच्या काही उन्हरोधक मलमांतील रसायने प्रवाळाच्या पिलांना अपायकारक असल्याचे आढळले आहे. हवाई बेटांवर २०२१ पासून अशा मलमांच्या विक्रीवर बंदी आली. पूर्ण बाह्यांचा सदरा हा उपाय त्याहून स्वस्त आहे.

किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळ किंवा शंख उचलून आणणे हाही गुन्हा ठरू शकतो. प्रवाळ आणि काही जातींचे शंख यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ याखाली संरक्षण आहे, आणि परत येताना सामानाची तपासणी होते. मुलांना हे आधीच समजावून सांगावे. विमानतळावर सांगितल्यास रडारड होते. रिकामा शंखही बेटावर रिकामा राहत नाही, त्यात शंखातला खेकडा बिऱ्हाड करतो.

खाण्याच्या बाबतीतही थोडा विचार हवा. पोपटमासा हा रंगीबेरंगी मासा प्रवाळावर वाढणारे शैवाल खरवडून खातो आणि प्रवाळाला मोकळे ठेवतो. तो ताटात येण्यापेक्षा पाण्यात राहिलेला बरा. खुल्या समुद्रातील सुरमई किंवा कुपा मागवावा. शाकाहारी मंडळींना तेथे नारळ, केळी आणि स्थानिक भाज्या मिळतात. काश्मीरचे सफरचंद मागण्याचे कारण नाही.

साहस आणि तयारी

साहस म्हणजे धोका पत्करणे नव्हे, तर तयारीने अनोळखी गोष्टीला सामोरे जाणे. या गटाची तयारी झाशीतच सुरू होऊ शकते. शहरातील तरणतलावात महिनाभर पोहण्याचा सराव करता येतो. ओरछा अगदी जवळ आहे. तेथे बेतवेच्या पात्रात रबरी नावेतून राफ्टिंग केले, तर लाइफ जॅकेट कसे घट्ट बांधावे, पाण्यात पडल्यावर काय करावे, हे ओळखीच्या नदीत शिकता येते.

बेटांवर करण्यासारखे पुष्कळ आहे. स्वराज द्वीपाच्या खारफुटीतून वल्ह्याची होडी चालवता येते. तिला तेल लागत नाही आणि आवाजही होत नाही, त्यामुळे खंड्या पक्षी शेवटपर्यंत फांदीवर बसून राहतो. उत्तर अंदमानात दिगलीपूरजवळ सॅडल पीक हे ७३२ मीटर उंचीचे, या बेटांतील सर्वांत उंच शिखर आहे. वन विभागाच्या परवानगीने त्यावर चढता येते. पाण्याखाली श्वास घेण्याची नळकांडी लावून बुडी मारायची असेल, तर प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र पाहावे, दमा वा हृदयविकार असल्यास लपवू नये, आणि बुडीनंतर चोवीस तास विमानात बसू नये. शरीरात विरघळलेला नायट्रोजन वायू हळूहळू बाहेर पडावा लागतो, म्हणून हा नियम आहे. खाऱ्या पाण्यातील मगरींविषयीच्या पाट्या शोभेसाठी लावलेल्या नसतात. तसेच जमीन जोराने हादरली किंवा समुद्र एकाएकी मागे हटला, तर छायाचित्रे न काढता उंचावर धाव घ्यावी. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीने हा धडा फार महाग शिकवला.

जेथे पाहुणा नको आहे

मध्य आणि दक्षिण अंदमानातील जंगलात जारवा लोक राहतात. त्यांच्या राखीव प्रदेशातून ‘अंदमान ट्रंक रोड’ जातो. या रस्त्याने वाहनांच्या ताफ्यातून जाणाऱ्या काही पर्यटकांनी जारवांना खाऊ टाकून नाचायला लावल्याच्या चित्रफिती २०१२ साली उघडकीस आल्या आणि देशभर संताप व्यक्त झाला. या जमातींच्या संरक्षणाचा नियम १९५६ पासून अस्तित्वात आहे. त्यांची छायाचित्रे काढणे, त्यांना काही देणे, त्यांच्या प्रदेशात थांबणे या सर्वांना मनाई आहे. कारण केवळ सभ्यतेचे नाही. बाहेरच्या जगापासून दूर राहिलेल्या माणसांच्या शरीराला आपल्या साध्या गोवराचा किंवा सर्दी-तापाचाही प्रतिकार करता येत नाही.

रंगत, मायाबंदर, दिगलीपूर या गावांना समुद्रमार्गेही जाता येते. बोटींचे वेळापत्रक गैरसोयीचे असते, वेळ जास्त जातो. तरीही ‘जारवा दिसतील’ असे आमिष दाखवणाऱ्या दलालाला नकार देऊन बोटीचे तिकीट काढणे हा या सहलीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरेल.

राणी झाशी उद्यानाचे काय? त्या नावासाठीच झाशीकरांना तेथे जावेसे वाटणे स्वाभाविक आहे. उद्यानात जाण्यासाठी वन विभागाची परवानगी लागते. ती मागावी, न मिळाल्यास हट्ट धरू नये. परवानगी मिळाली नाही, तरी स्वराज द्वीपाहून रंगतकडे जाणाऱ्या बोटीच्या कठड्याशी उभे राहावे. हेन्री लॉरेन्स आणि जॉन लॉरेन्स बेटांची हिरवी रेघ दूरवर दिसते, आणि तिच्या पायथ्याशी पाण्याचा रंग गडद निळ्यावरून पोपटी होतो. तेथे प्रवाळ सुरू होतो.

स्वाध्याय
१. ‘राणी झाशी’ उद्यानातील बेटांच्या नावांमध्ये कोणता विरोधाभास दिसतो, ते तीन-चार वाक्यांत लिहा.
२. ‘शैवाल आणि प्रवाळ यांचा करार’ असे पाठात का म्हटले आहे?
३. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : द्वीपसमूह, अनामत, मचूळ, भिस्त.
४. बेटावरील एखाद्या निवासाच्या मालकास पत्र लिहून पाणी, सांडपाणी आणि कचरा यांविषयी चौकशी करा.
५. तुमच्या गावाहून श्री विजयपुरमपर्यंतचा प्रवासमार्ग नकाशावर रेखाटा आणि कोठे कोणते वाहन वापराल, ते कारणासह लिहा.